शब्दरावांची नवी खुर्ची

निवडणूक दुसऱ्यांदा हरल्यावर शब्दरावांच्या घरात दोनच आवाज उरले. एक बायकोच्या शिलाई मशीनचा आणि दुसरा त्यांच्या स्वतःच्या तोंडाचा. मशीन निदान दोरा तुटला की थांबायचं.

शब्दराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दहा वर्षं लोकांनी निवडून दिलं, तेवढ्या काळात रस्ता मागायला आला त्याला रस्त्याचा शब्द दिला, नोकरी मागायला आला त्याला नोकरीचा, आणि कुणी नुसता वाट चुकून आला तरी जाताना त्याच्या हातात कसला तरी शब्द ठेवलाच. शब्दाला लागतं काय, तोंड आणि थोडी थुंकी. लोकांनी नाव पाडलं ते चिकटलं.

हरल्यावर लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. पण लोक विसरूनच गेले. एकदा दाढीच्या दुकानात त्यांना बाकावर नंबर लावून बसावं लागलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. घरी सोफ्यावर बसून बायकोच्या गिऱ्हाइकांना ते धरणांची माहिती देऊ लागले.

बायको म्हणाली, "अहो, माणसं इथं माप द्यायला येतात. तुम्ही बोलायला लागलात की बाही राहते बाजूला आणि बाई जाते घरी. कुठंतरी जाऊन बसा."

ती 'कुठंतरी'ची सोय फरशीवाल्यानं केली. त्याचं खाली फरशीचं दुकान आणि वर गोदामात बातम्यांचं चॅनल. निळ्या पडद्यामागं अजून संडासाच्या फरश्यांची थप्पी होती. तो म्हणाला, "संध्याकाळच्या बातम्या द्या, पाहुण्यांना चार प्रश्न विचारा. महिनाभर बघू. जमलं तर खुर्ची तुमची, नाहीतर दुसरा माणूस."

खुर्ची म्हटल्यावर शब्दरावांच्या अंगात वारं शिरलं.

पहिल्याच दिवशी कॉलरला लावलेल्या माइकवर त्यांनी मान वाकवून फू फू केलं. एका दुकानाला आग लागल्याची बातमी "माझ्या जमलेल्या बंधू-भगिनींनो" अशी सुरू केली. आणि दर वाक्याला थांबायला लागले. समोरच्या काचेवर वाचायची अक्षरं वर सरकत होती, ती कुणासाठी थांबत नव्हती. आग विझायच्या आत हवामान आलं.

बातम्या लिहिणारी बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "साहेब, मध्येच थांबता कशाला?"

"टाळ्यांना."

"इथं कॅमेरावाल्याशिवाय कोण आहे?"

"मग त्याला सांगून ठेवा की."

हेही हळूहळू सुधारलं असतं. पण एका संध्याकाळी गिरणीच्या रस्त्याखालचा पाण्याचा पाइप फुटल्याची बातमी आली. तीन गल्ल्यांचे नळ कोरडे, एवढीच बातमी. अक्षरं संपली, काच कोरी झाली, पण कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालूच. दिवा चालू आणि तोंड बंद, असं त्या देहाला कधी जमलेलं नव्हतं. त्यांनी छाती पुढं काढली आणि म्हणाले, "काळजी करू नका. उद्या संध्याकाळपर्यंत नळाला पाणी येईल. हा माझा शब्द आहे."

बाईनं टेबलावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फरशीच्या दुकानाच्या जिन्यात माणसं बादल्या घेऊन बसली. गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट नाही. फरशीवाला वर आला. "आजवर तुमचा शब्द वाऱ्यावर जात होता, ठीक होतं. हा माझ्या चॅनलवरून गेलाय. पाणी आणा, नाहीतर आजच्या बातम्या शेवटच्या."

शब्दराव तडक पाणी खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं त्यांना ओळखलं नाही, पण खुर्ची दिली. म्हणाला, "विषय आमच्या विचाराधीन आहे." मग दोन्ही हात छातीशी नेऊन मान तिरकी केली. "तुमची कळकळ आम्हाला पोचली."

शब्दराव पायऱ्या उतरता उतरता थबकले. हे वाक्य त्यांचंच होतं. मान तिरकी करायची तऱ्हासुद्धा त्यांचीच. तिथूनच त्यांनी पाडणाऱ्याला फोन लावला आणि संध्याकाळी कार्यक्रमाला बोलावलं. ज्यानं त्यांना निवडणुकीत पाडलं त्याला घरात पाडणारा म्हणत, आणि आता सत्ता त्याच्याकडं होती. पाडणारा नवा शर्ट घालून खुशीत आला. शब्दरावांची खुर्ची जाताना त्याला जवळून बघायची होती.

दिवा लागला.

"पाणी कधी येणार?" शब्दरावांनी विचारलं.

"आम्ही या प्रश्नाकडं अत्यंत गांभीर्यानं पाहतोय."

शब्दराव कॅमेऱ्याकडं वळले. "मंडळी, म्हणजे कागद अजून टेबलावर आलेला नाही."

पाडणाऱ्यानं घसा साफ केला. "वरिष्ठांशी माझं बोलणं झालंय."

"म्हणजे फोन लावला होता, त्यांनी उचलला नाही."

"लवकरात लवकर..."

"यात तारीख नसते. मुद्दाम ठेवत नाहीत. मी तर हे पाठ करून घेतलं होतं."

खाली दुकानातल्या टीव्हीसमोर बादल्यावाले बसले होते. त्यांचं खिदळणं जिन्यातून वर आलं. पाडणारा कानापर्यंत लाल झाला. "दुसऱ्याला विचारताय, आणि काल इथंच बसून तुम्ही जो शब्द दिलात, त्याचं काय?"

काचेमागं फरशीवाला उभा राहिला. शब्दरावांनी सवयीनं समोर बघितलं, तर काचेवर एक अक्षर नाही. बाईनंही हात वर केले.

"त्याचं काही नाही," शब्दराव म्हणाले. "माझ्याकडं ना पाइप, ना पाना. तोंडाला आला, देऊन टाकला. असले दहा वर्षं वाटलेत, म्हणून तर तुमचे ओळखू येतात. आता पाना कुणाकडं आहे ते सांगा, आणि इथूनच फोन लावा. आवाज सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

पाडणाऱ्यानं लावला. खात्याचा साहेब घरी हाच कार्यक्रम बघत होता, त्यामुळं पलीकडून आधी शब्दरावांचाच आवाज आला. साहेबाला आता घरी नाही असं सांगायची सोय राहिली नव्हती. माणसं रात्रीच खड्ड्यात उतरली. पाणी दिलेल्या वेळेला काही आलं नाही, दोन दिवसांनी आलं, आणि तेही आधी गढूळ. पण बादल्यावाले जिना सोडून गेले, आणि जाताना फरशीवाल्याला दम देऊन गेले, की हा माणूस काढायचा नाही.

खुर्ची पक्की झाली. फक्त समोरच्या खुर्चीत बसायला कुणी येईना. सत्तेतला येईना, विरोधातला येईना, पाणी खात्याचा शिपाईसुद्धा रजेवर गेला. फरशीवाला रडकुंडीला आला. "कार्यक्रमात पाहुणाच नाही म्हटल्यावर बघणार कोण?"

त्या संध्याकाळी शब्दरावांनी रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारला, उठले, टेबलाला वळसा घालून पाहुण्याच्या खुर्चीत बसले, मान तिरकी केली आणि पाडणाऱ्याचं उत्तर पाडणाऱ्यापेक्षा बरं दिलं. मग परत येऊन त्याचा अर्थ सांगितला. आठवडाभरात गावात दुसरं कुणी काही बघेनासं झालं.

शेवटी पाडणाऱ्याच्या माणसाचा फोन आला. "आमच्या साहेबांची उत्तरं तुम्ही देऊ नका."

"मग साहेबांना पाठवा," शब्दराव म्हणाले.

"साहेब जरा दौऱ्यावर आहेत."

"असू दे, असू दे. त्यांना म्हणावं सावकाश या," असं म्हणून शब्दरावांनी फोन ठेवला, आणि कॅमेरावाल्याला पाहुण्याची खुर्ची जरा जवळ ओढायला सांगितली. एवढा वळसा घालून त्यांचे गुडघे दुखत होते.