उत्तर येईपर्यंत

मी तोतरा आहे. शब्द मला माहीत असतो, अगदी ओठांवर आलेला असतो, पण बाहेर पडायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात समोरचा माणूस माझं वाक्य पुरं करून मोकळा होतो. एकदा लातूरहून चाकूरला निघालो होतो. "चा... चा..." एवढं ऐकून कंडक्टरनं त्याच्याही पुढच्या चापोलीचं तिकीट फाडलं. मी मुकाट्यानं घेतलं आणि चाकूरलाच उतरलो. बायकोनंही इतकी वर्षं प्रेमानं माझी वाक्यं पुरी केली आहेत, त्यातली बरीचशी चुकीची. राग माझ्या नाकावर असतो. पण तो बोलून दाखवायचा म्हणजे पुन्हा तेच रडगाणं.

म्हणून मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये रमलो. मायक्रोस्कोपखाली कोणी काही विचारत नाही. तिथलाच एक तरुण सहकारी एका रविवारी मला पत्ते खेळायला घेऊन गेला. "पैशाचे न्हाईत काका, डोक्याचे हाईत," म्हणाला.

स्टेशनरीच्या दुकानावरची खोली होती. पत्तेही रमीचे नव्हते. प्रत्येकाची आपापली गड्डी, पत्त्यांवर वीर, राक्षस, मंत्र. आपल्या पाळीत आधी वीर मांडायचे, मग हल्ला करायचा. पण मांडणी संपवून हल्ल्याकडे वळण्याआधी समोरच्याला विचारावं लागतं, "काही करायचंय का?" तो नाही म्हणाला, तरच पुढे जायचं.

माझ्या गड्डीत साखळदंड नावाचा पत्ता होता. त्यानं समोरच्याचा एक वीर जखडता येतो. लवकर टाकला, तर समोरचा दुसरा वीर आणून मांडतो. हल्ला सुरू झाल्यावर टाकला, तर उपयोग नाही, बैल गेला आणि झोपा केला. त्याची खरी जागा एकच, समोरच्याची मांडणी संपता संपता. ती पळभराची जागा आणि मी तोतरा! "काही करायचंय काका?" म्हणतानाच पोरं हल्ल्यासाठी वीर पुढे सरकवायची. माझा "थांबा" थ वरच अडलेला असायचा.

"हात वर करत जा की," सहकारी म्हणाला. मला संताप आला. हात वर करायला मी काय शाळेत होतो? मला तो पत्ता एकदा, वेळेत, माझ्या तोंडानं सांगून टाकायचा होता. जिंकण्याहरण्याचं मला सोयरसुतक नव्हतं.

पुढे नांदेडला स्पर्धा होती, तिथं गेलो. पहिल्याच डावाला समोर हदगावचा एक तरुण शेतकरी आला. हसरा, पण हाताचा भलताच चपळ. दोन-तीन पाळ्या झाल्या. त्यानं सगळ्यात मोठा वीर मांडला, "कायी करायचंय का काका?" म्हणाला आणि मी "थ... थ..." करतोय तोवर वीर पुढे सरकवला.

एरवी मी सोडून दिलं असतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी टेबलावर अशी थाप मारली की शेजारचे डावही थांबले. पंच धावत आल्या. लोह्याच्या कोणी बाई होत्या, डोक्यावर चष्मा अडकवलेला.

"म्या इचारलं होतं मॅडम," तरुण म्हणाला. "काका कायी बोललेच न्हाईत."

"विचारलंस, बरं केलंस. पण त्यांचं उत्तर आलं होतं का?"

त्यानं वीरावरचा हात काढून घेतला.

"उत्तर येईपर्यंत तुझी मांडणी संपत नाही. वीर मागे घे." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सांगा काका. सावकाश."

त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. शब्द सुचवला नाही, मान हलवली नाही, घड्याळ पाहिलं नाही. इतकी माणसं माझ्यासाठी थांबलेली मी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे आणखी उशीर झाला. शेवटी "थांबा" निघाला आणि त्याच्यामागून "साखळदंड". वीर जखडला गेला. मला ओरडावंसं वाटत होतं.

पुढची पाळी माझी. मी हवेतच होतो. भराभर मांडलं आणि वीर पुढे सरकवला.

"काका," तो हळूच म्हणाला, "मला इचारलंच न्हाई तुम्ही."

कान तापले माझे. जन्मभर ज्याबद्दल लोकांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, तेच मी केलं होतं. वीर मागे घेतला आणि विचारायला लागलो, "तु... तु... तुला का... का..."

मी काय विचारतोय हे त्याला पहिल्याच अक्षराला कळलं होतं. उत्तराचा पत्ताही त्यानं बोटांत धरला होता. पण तो हलला नाही. "करायचंय" आला, "का" आला, मी श्वास सोडला, तेव्हा कुठं तो म्हणाला, "हाव काका," आणि माझा वीर जाळून त्यानं डाव जिंकला.