फीच्या पत्रावरचं नाव

शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसायचे. शैक्षणिक कर्जासाठी बँकेला लागणारं फीचं पत्र पोरांना माझ्याकडूनच मिळायचं. त्याचा छापील गठ्ठाच होता आमच्याकडं. 'प्रति, व्यवस्थापक' याच्या पुढं एकाच फायनान्स कंपनीचं नाव आधीच छापलेलं. गठ्ठाही तीच कंपनी फुकट छापून द्यायची. दिवाळीला त्यांचा माणूस मिठाई आणायचा, एकदा कुकर आणला. मी घेतला. खोटं कशाला बोलू?

एका पावसाळ्यात बजाजनगरला खानावळ चालवणारी बाई लेकीला घेऊन आली. पोरीचा नंबर लागला होता. फी भरायला आठवडा उरला होता, नाहीतर जागा दुसऱ्याला. बाईनं मी आधी दिलेलं पत्र खिडकीत आपटलं.

"सरकारी बँकेवाला म्हंतो, बाकी कागद बरोबर हायेत, पण हे पत्र दुसऱ्याच्या नावाचं, चालत नाय. आन् ह्या कंपनीचं व्याज लई हाय. मॅडम, खरं सांगा, तुमची लेकबी कर्जावर शिकली म्हंत्यात, तिला कुठनं काढलं?"

ती भांडली असती तर मीही भांडले असते, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण बाई नुसती उत्तराची वाट बघत होती.

"सरकारी बँकेतूनच," मी म्हणाले. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

नवीन पत्र टाइप करून तडक प्राचार्यांकडं गेले. ते म्हणाले, "अहो, गॅदरिंगचा मंडप कंपनीच देते. उगाच कशाला?"

"मंडप आपल्याला आणि व्याज पोरांना? सर, नवीन पत्रावर सही करा, नाहीतर खिडकीवर दुसरं माणूस बसवा."

सरांनी पत्र दोनदा वाचलं. मग सही केली आणि म्हणाले, "तो गठ्ठा रद्दीत टाका." माझा तर विश्वासच बसेना.

नवीन पत्र वाचून पोरगी म्हणाली, "मॅडम, इथं बँकेचं नाव राहिलं."

"राहिलं नाही. चौकशी कर आणि तूच लिही."

तिनं आईकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस? कर्ज तुझ्या नावावर हाय," आई म्हणाली.

शेवटच्या दिवशी पोरगी बँकेचा डीडी घेऊन आली. रांगेत तिच्या मागं उभ्या असलेल्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, सगळे कुठून कर्ज घेतात?"

मी तोंड उघडायच्या आत हीच मागं वळली.

"सगळ्यांचं सोड गं. तू व्याज विचारलंस का?"