खालांची गुलाबी पानं

खालांच्या ओसरीवर जरा टेकून उठलं, की सुटका नव्हती. रांजणातलं पाणी त्या तांब्यानं आपल्या हातावर घालणार, राखेनं हात चोळायला लावणार आणि वर तळवे उलटेपालटे करून बघणार. "नखं दिखाव," म्हणायच्या. मी शाळामास्तरांशी लग्न होऊन उस्मानाबादेत नवीच आले होते, तेव्हा मला भारी राग यायचा. घरात सासूबाईंचं सोवळं, भिंतीपलीकडं खालांचं. मी काय हात धुवायलाच जन्माला आले होते?

त्यांचं नाव सकीनाबी. गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. बाई काटकुळी, उंच, आणि चालणं असं की पायाखालच्या फरशीचीही माफी मागत असावी. ओसरीभर कुंड्या. कुंड्या कसल्या, फुटके माठ, तेलाचे डबे, एक तर चक्क मोडकी पाटी. पण त्यात जे उगवलेलं होतं, ते आमच्या रखरखीत गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. पिवळ्या ठिपक्यांचे क्रोटन, जांभळ्या किनारीचा कोलियस, आणि सगळ्यांत देखणी ती बदामाच्या आकाराची गुलाबी पानं. मागून ऊन आलं की एकेक शीर दिसायची. फूल एकाही झाडाला नाही. कोलियसला तुरा आला की खाला तो चिमटीनं खुडून टाकायच्या. "फूल आया तो पत्ता रोता," म्हणायच्या.

त्यांचे मालक हैदराबादेत एका जहागीरदाराच्या बागेत माळी होते. त्यांनीच ही रोपं ओल्या पोत्यात गुंडाळून आणली. पुढं निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीत ते एका सकाळी बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती. गाव पुन्हा गाव झालं होतं, आम्ही एकमेकींकडं विरजण मागत होतो. पण गल्लीत चार माणसं जरा मोठ्यानं बोलली, की खालांच्या दाराची कडी आतून लागायचीच. आम्हाला ती कडी ऐकायची सवय झाली होती.

झाडांचीही त्यांना अशीच भीती. दुपारचं ऊन लागेल म्हणून पोत्याचा पडदा, दिवाळीची थंडी लागेल म्हणून कुंड्या आत. गुलाबी पानांचे कांदे तर थंडीत कोरड्या वाळूत निजवून ठेवायच्या, ते थेट चैत्रात उठवायच्या. पाण्याची ओढ असायची तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी, नमाजाआधी हातपाय धुतलेलं पाणी, सगळं कुंड्यांना. आणि मुलांना मात्र जवळ फिरकू द्यायच्या नाहीत. "इसमें जहर है, मास्तरीणबाई. मुँह में गया तो गला बंद होता. जहागीरदाराच्या बंगल्यात एक बछडा मेला, म्या डोळ्यानं बघितला," असं अर्धं हिंदी, अर्धं मराठी त्या मला सांगायच्या. मी म्हटलं, "मग टाकून का देत नाही, खाला?" "उनके हात के हैं," एवढंच म्हणाल्या.

शकू, माझी मुलगी, तेव्हा नुकती बोबडं बोलायला लागली होती. त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. भाद्रपदात ऋषिपंचमी आली. सासूबाई तेर गावच्या, व्रताला कडक. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणजे नांगरल्या शेतातलं धान्य नाही, बाजारची भाजी नाही. अंगणात, परड्यात हातानं लावलेलं जे असेल, तेवढंच. दरवर्षी आमच्या मोरीच्या पाण्यावर चमकोरा माजायचा, दुसरीकडं ज्याला अळू म्हणतात तो. त्या वर्षी तोही वाळून गेला. चमकोऱ्याशिवाय पंचमीची भाजी कशी करायची, म्हणून सासूबाई सकाळपासून कासावीस.

आणि भिंतीपलीकडं खालांच्या कुंडीत तीच बदामी पानं, तेच लांब देठ. रंग तेवढा वेगळा. कुंडीतलं, म्हणजे बैलाचा पाय लागलेला नाही! सासूबाईंना वाटलं, देवानंच सोय केली. खालांच्या घरचं पाणी त्या पीत नसत, पण कच्च्या पाल्याला त्यांच्या हिशेबात विटाळ नव्हता. खाला पाण्याला गेल्या होत्या. सासूबाईंनी परसातल्या दिंडीतून, मधल्या लहान दारातून जाऊन चांगली जुडीभर पानं खुडून आणली. मला म्हणाल्या, "सोलापुरी जात असंल. चिंच जास्त घालू." मी चुलीपाशी धुरात. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

त्या देठ सोलत होत्या. शकू शेजारी बसली होती. तिनं एक गुलाबी तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

आधी किंचाळली. मग लाळ सुरू झाली, थांबेचना. ओठ बघता बघता सुजले, जीभ तोंडात मावेना. ती रडत होती आणि आवाज येत नव्हता. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि आवाज नाही. मी विळीजवळचा गुलाबी पाला बघितला आणि मला सगळं कळलं.

माझ्या ओरडण्यानं गल्ली गोळा झाली. "काय खाल्लं? कुणाकडचं?" "त्या सकीनाबीकडचं." "तिनं दिलं?" पुढचं मी ऐकलं नाही. शकूला उचलून खालांच्या दाराशी धावले. त्या परतल्या होत्या. लोकांचा गलका ऐकून आतून कडी घातली होती.

"खाला, दार उघडा! शकूनं गुलाबी पान चावलं!"

आत काहीच हालचाल नाही. पण त्या दारामागंच उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या मागं माणसं, त्यांचे चढे आवाज. दुसऱ्या कुणी अशा वेळी कडी काढली नसती, आणि मी तिला नावं ठेवली नसती. मी नुसती कपाळ दाराला लावून उभी राहिले.

कडी निघाली.

खालांचा चेहरा पांढराफटक. कुणाकडं न बघता त्यांनी शकूला घेतलं, ओला फडका बोटाला गुंडाळून तिच्या तोंडातला चोथा काढला, पाण्यानं चूळ भरवली. कुणीतरी म्हणालं, "मिठाचं पाणी पाजून उलटी करवा." "नक्को!" खाला इतक्या मोठ्यानं ओरडल्या की तो माणूस मागं सरला. "गले से गया सो फिर गले से जलाते आता!" थंड दूध थेंब थेंब तिच्या जिभेवर सोडलं. मग एका हातानं कुंडीतलं एक पान उपटलं आणि शकूला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्याकडं चालू लागल्या. बुरखा खुंटीलाच राहिला. मी त्यांना बुरख्याशिवाय रस्त्यावर तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

दवाखान्यात त्यांनी ते पान डॉक्टरांपुढं धरलं. "ये पत्ता है साहब. मेरे घर का." डॉक्टरांनी घसा बघितला, सुई दिली. म्हणाले, सूज खाली घशात पसरली तर श्वास कोंडेल, मग सोलापूरला न्यावं लागेल. नेईपर्यंत काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

पायऱ्यांवर गर्दी होतीच. एकजण म्हणाला, "स्वतःच कबूल करतीय. पोलिसात द्या हिला." खाला भिंतीला टेकून उभ्या होत्या. तेवढ्यात सासूबाई आल्या. अनवाणी, पदर खाली ओघळलेला, पंचमीचा उपास तसाच. सगळ्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "पानं मी तोडली. ती घरात नव्हती. तिला न विचारता, चोरून तोडली. कुणाला द्यायचं पोलिसात, मला द्या." सासूबाईंना सगळं गाव घाबरून असायचं. एकेक जण पायऱ्या उतरून निघून गेला.

दुपारभर आम्ही तिघी त्या खाटेभोवती. शकूची छाती वर जायची, थांबायची, आणि पुन्हा खाली येईपर्यंत आमचे डोळे तिथंच. ऊन कलताना तिनं तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. घोगरं, फाटकं, पण आवाज! खाला मटकन खाली बसल्या. "रो बेटी, रो. जोर से रो," म्हणत स्वतःच हमसून रडायला लागल्या. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सोवळ्यातला हात.

पुढच्या थंडीत हैदराबादचा भाचा खालांना न्यायला आला. त्यांनी क्रोटन, कोलियस गल्लीत वाटून टाकले. गुलाबी पानांचे कांदे तेवढे फडक्यात बांधले. सासूबाई म्हणाल्या, "त्यातला एक मला दे." मी थक्कच झाले. खालांनी मान हलवली. "बच्ची अभी छोटी है, माँजी. मी तिकडं झोपू शकणार नाही. पाच साल की होने दो. मी स्वतः येऊन लावून देते."

शकूला पाचवं लागायच्या आतच भाचा कामानिमित्त गावात आला आणि दारात उभ्या उभ्या सांगून गेला, खाला तापानं गेल्या. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, मोरीत गेल्या आणि लुगड्यासकट डोक्यावरून गार पाणी घेतलं. मला काही उमगेना. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, आपल्याला कुठलं आलं सुतक?"

"तुला नसंल," त्या म्हणाल्या. "मला आहे."

पुढचे दहा दिवस त्यांनी देवाला हात लावला नाही. पूजा मी केली.