राहून गेलेली पाचवी पायरी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत एकोणसत्तराव्या वर्षी वयात आलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहतो. वरच्या मजल्यावरचे हे काका निवृत्त झाले, वाचनालयातून मानसशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि तिथेच आमची वाट लागली. माणसाच्या मनाच्या वाढीला आठ पायऱ्या असतात, एक जरी गाळली तरी ती पुढे कधीतरी आडवी येते, हे त्यांनी प्रत्येकाला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं. सेक्रेटरी गच्चीची किल्ली कुणाला देत नाही, कारण दुसऱ्या पायरीवर, म्हणजे शी-शू शिकवताना, त्याच्या आईने घाई केली. हे भर वार्षिक सभेत, आणि आई पहिल्या रांगेत बसलेली. मला साधा ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलता येत नाही म्हटल्यावर मी चौथ्या, म्हणजे शाळकरी पोराच्या, पायरीवर खोळंबलोय असा निकाल लागला. बायकोने तो लगेच मान्य केला, ही गोष्ट वेगळी.

मग एके दिवशी त्यांना कळलं की स्वतःचीच पाचवी पायरी, वयात येताना घरच्यांविरुद्ध बंड करायची, राहून गेलीय. चौदाव्या वर्षी वडील गेले, हे छापखान्यात लागले आणि धाकट्या तिघांचे बाप झाले. आईसुद्धा यांना विचारून भाजी आणायची. झालं, काकांनी आता बंड पुकारलं. केस वाढवले, दारं धाडधाड आपटायला लागले, काय झालं विचारलं की "काही नाही" म्हणून तोंड फिरवायचे. पण बंड करायला समोर कुणीतरी मोठं माणूस लागतं हो. काकू तर, आपटा, पण कडी सांभाळून, एवढंच म्हणायच्या. शेवटी एका रविवारी काका माझ्याकडे आले. मला मित्रांबरोबर वर्सोव्याला जायचंय, तू नको म्हण, अशी गळ घातली. मी आपला म्हटलं, खुशाल जा की काका. तसा त्यांचा चेहरा पडला. "मला नाही म्हणणारं कधी कुणी नव्हतंच रे," म्हणाले. त्या दिवशी ते कुठेच गेले नाहीत आणि मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

गेल्या महिन्यात बोरिवलीहून त्यांची नव्वदीची मावशी राहायला आली. काकांनी आठवडाभर तयारी केली आणि मलाही साक्षीदार म्हणून जेवायला बोलावलं. पान वाढल्याबरोबर त्यांनी पाय खुर्चीवर घेतले, पडवळाची भाजी ढकलली आणि हे आपण खाणार नाही असं आवाज चढवून जाहीर केलं. मावशीने सावकाश चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"पाय खाली घे. आणि ताट स्वच्छ करून उठायचं."

दोन वर्षं रखडलेलं बंड आता पेटणार म्हणून मी आणि काकू श्वास रोखून बसलो. काकांनी पाय खाली घेतले. भाजी संपवली, वर आणखी मागून घेतली. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा डोळे भरलेले होते. "ऐकलंस ना? मला ओरडली," ते हळूच म्हणाले. तेवढ्यात आतून मावशीचा आवाज आला, बाळ्या, हात धुतलेस का? आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, धाकटी भावंडं भाऊ म्हणतात. बाळ्या म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. काका माझा निरोपही न घेता हात धुवायला पळाले.