हसत नाही म्हणून खिसे तपासले

रविवारी राळेगावला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलो होतो. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे...

सोबत पुतण्या होता, संजय. वणीला कोळशाचा ट्रक चालवताना जागं राहायचं म्हणून गोळ्या घ्यायला लागला, आणि त्या गोळ्यांनीच त्याला गिळलं. व्यसनमुक्ती केंद्रातून परतून जेमतेम दोन महिने झालेत.

डॉक्टरांनी मला समजावलं होतं. पुरात शेताची वरची माती खरवडून जावी, तशी आनंद रुजण्याची मेंदूतली जागाच या गोळ्यांनी जाते. मग पुरणपोळी, गाणं, लेकीचं हसणं... काहीच आत पोचत नाही. माती पुन्हा धरायला कित्येक महिने लागतात.

मी जन्मभर वर्गात पाखरांच्या, झऱ्यांच्या कविता चालीवर म्हणवून घेतल्या. आनंद होणंच बंद पडू शकतं, हे मला सत्तरीत कळलं!

पण मांडवातल्या शहाण्यांना कोण सांगणार? संजय मुकाट्याने जेवत होता. त्याचे मामा सगळ्यांदेखत ओरडले, "काहून रे, मयतीले आला का? पुन्हा गोळ्या घेऊन राह्यला वाटते!" आणि चक्क त्याचे खिसे उलटे केले. निघालं काय, तर लेकीचा रुमाल आणि बसचं तिकीट... लोक खिदळले.

"गोळ्या घेत होतो तवाच तर हसत होतो, मामाजी," संजय एवढंच म्हणाला.

अहो, यंदा बोंडअळीने कापूस खाल्ला, त्या मांडवात कोणाचं तोंड उतरलेलं नव्हतं? खिसे तपासले ते एकट्याचे!

मी ताट सरकवून उठलो. मामांना जे बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

स्टँडवर आलो तर समोरच वणीची बस लागलेली. गोळ्या पुरवणारे सगळे तिकडचेच. संजय तिच्याकडे बघत राहिला, कपाळावर घाम डवरला... पाऊल उचललं, आणि थांबला.

"मोठेबाबा, माहा हात धरा. ते बस गेल्याबिगर सोडू नका."

अडतीस वर्षांचा बाप्या माणूस! मी दोन्ही हातांनी धरला. बस निघाली, वळणाआड गेली, तरी धरूनच उभा होतो.

एका टवाळीपायी माणूस पार त्या पायरीपर्यंत पोचला होता. तुमच्या घरी कोणी असा परतला असेल तर त्याला "आता तरी हास" म्हणू नका. जवळ बसा फक्त.

संजयने बस सोडली आणि माझा हात मागितला... मी त्याचा ऋणी आहे.