ही अखत्यारी कुठे आहे?

हिवाळा सरता सरता आत्याचा फोन आला. "पावसाच्या आधी साकव नाय झाला तर मी घराला कुलूप घालून पोराकडं पनवेलला जाते. तेवढं कचेरीत विचारून दे गो." मी पुण्यात नागरिकशास्त्र शिकवते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. निघाले.

वीर स्टेशनला उतरलात तर रिक्षा आधी ठरवा, घासाघीस चालते. महाडहून एसटीने पोलादपूर, तिथून कुडपणच्या बाजूची जीप. घाट देखणा आहे. खड्ड्यांचा हिशेब कंबर ठेवते.

आत्याची वाडी कुडपणच्या अलीकडे, ओढ्यापलीकडे. दोनच घरं उरलीत. पायी जायचा छोटा पूल, म्हणजे साकव, गेल्या पावसात वाहून गेला. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढत आत्या म्हणाली, "खासदार नारळ फोडून गेले, मग आमदार फोडून गेले. खोबरं खाऊन खोकला झाला."

"आणि काम?"

"अखत्यारीत येत नाय म्हणतात. ही अखत्यारी हाय कुठं गो? एसटी जाते का तिथं?"

मी हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेऱ्या पालथ्या घातल्या. पहिले साहेब म्हणाले, साकव जिल्हा परिषदेचा. दुसरे म्हणाले, जमीन वनखात्याची, केंद्राची परवानगी आणा. तिसऱ्यांनी चहा पाजला आणि निधी विधानसभेला मंजूर करावा लागतो, असं मलाच शिकवलं. वा रे वा! केंद्र, राज्य, कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, माझा अख्खा धडा एका ओढ्यात अडकून पडला होता. न्यायमंडळ तरी मागे का राहील? आत्याचे शेजारी तात्या कोर्टात गेले होते. कोर्टाने प्रशासनाला बजावलं, अर्जावर निर्णय घ्या. प्रशासनाने इमानेइतबारे निर्णय घेतला आणि अर्ज फेटाळला. आदेश पाळला की नाही? वर्गात मी याला सत्ताविभाजन म्हणते. पोलादपुरात टोलवाटोलवी म्हणतात, आणि तेच बरोबर आहे.

तुम्ही कुडपणला जरूर जा. वरून दिसणाऱ्या दऱ्यांनी डोळे निवतात. मी मात्र घरी आणला तो नुसता संताप. पावसाआधी आत्याने गाय खालच्या गावात देऊन टाकली आणि रडत पनवेल गाठलं. तात्याही मुलीकडे गेले. परवा मी हट्टाने पुन्हा तिन्ही कचेऱ्यांत फोन केले. या वेळी सगळ्यांचं एकमत होतं. "मॅडम, पलीकडे आता वस्तीच नाही. साकव कुणासाठी बांधायचा?"