दहीसाखरेवरची गोळी

जोहे गावच्या अक्षयला कुणी तब्येतीबद्दल विचारलं, की तो आधी दंडाची बेटकुळी फुगवून दाखवायचा आणि मग तोंड उघडायचा. पस्तिशीही न गाठलेला गडी. पोट जरा सुटलेलं, पण चारचौघांत तो ते आत ओढून उभा राहायचा. कबड्डीत एके काळी त्याच्या पकडीतून कुणी सुटत नसे, आणि ही गोष्ट त्यानं स्वतःच इतक्यांदा सांगितली होती की बायकोला, सुरभीला, ती पाढ्यासारखी पाठ झाली होती.

रोह्याच्या एका कंपनीत तो ठेकेदाराच्या हाताखाली लागला आणि वरसे गावात एका इमारतीत वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहिला. शिफ्टची नोकरी. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून गालात तंबाखू, पाळी सुटली की वडापाव, आणि दिवसा झोप येईना म्हणून गॅलरीत सिगारेट. त्याची आई मालू जोह्यालाच राहायची, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करायचं काम करायची. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर ती पोह्याचे पापड, सुकट, लोणच्याची बरणी असं काहीबाही पाठवत राहायची. पानात भाजलेला पापड नसला तर अक्षयला जेवल्यासारखंच वाटायचं नाही. आता यात वाईट ते काय, असं कुणीही म्हणेल. एकेक सुटं घेतलं तर काहीच नाही, म्हणून तर माणूस फसतो.

सुरभीच्या मनात पाल चुकचुकली ती जिन्यावरून. जिना चढताना अक्षय मधेच थांबायचा, खिशातून फोन काढायचा आणि बघत उभा राहायचा. फोन आलेला नसायचा. त्याला फक्त दम खायचा असायचा. ती भाजीची पिशवी घेऊन पुढे जायची, वर पोचून दाराशी थांबायची आणि त्याची पावलं पुन्हा वाजेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा. विचारलं तर तो म्हणायचा, "पित्त झालंय गं." कोकणातल्या पुरुषाला दुसरं काही होतच नाही, सगळं पित्तावर ढकललं की मोकळा.

उर्वीला, त्यांच्या लेकीला, इंजेक्शन द्यायला दोघं पुलापलीकडच्या अष्टमी गावात डॉक्टर ऋजुतांकडे गेली होती. पोरीचं काम झालं आणि सुरभीनं धीर करून म्हटलं, "मॅडम, यांचंही बीपी बघता का जरा?" अक्षयनं तिच्याकडे डोळे वटारले, पण डॉक्टरांसमोर दंड पुढे केला. आकडा एकशे सत्तरच्या वर गेला. थोडा वेळ बसवून डॉक्टरांनी पुन्हा बघितलं, तरी तेच. मग त्यांनी तंबाखूचं विचारलं, झोपेचं विचारलं, आणि म्हणाल्या, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

"नाही," अक्षय म्हणाला.

"वडील?"

"ते मी लहान असताना गेले. भात झोडताना छाती धरून खाली बसले. खळ्यावर बाहेरचा वारा लागला त्यांना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, हेच सुरभीला जास्त भीतिदायक वाटलं. त्या म्हणाल्या, "वारा नव्हता तो. हृदयाचा झटका असणार. तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, पण आत्ताच हात घातला तर टाळता येईल. तपासण्या करून घ्या. गोळी रोज घ्यायची आणि तंबाखू आजपासून बंद."

घरी येऊन अक्षयनं ती चिठ्ठी टीव्हीखालच्या खणात टाकली. "कंपनीचं मेडिकल जवळ आलंय. गोळी चालू आहे म्हटलं की ठेकेदार नाव कापतो. आणि मी दरवर्षी फिट असतो, विसरलीस?"

सुरभी विसरली नव्हती. उलट तेच तिला खात होतं. अष्टमीच्या मशीनवर एवढा आकडा, मग कंपनीच्या मशीनवर दरवर्षी हा फिट कसा? एकीकडून तिला वाटे, डॉक्टरांचं मशीन बिघडलं असेल. दुसरीकडून तिला तो जिन्यातला फोन आठवे. त्या दिवसांत अक्षय कामावरून यायला जरा उशीर झाला की ती दहादा गॅलरीत जाऊन यायची. तो झोपला की छाती वरखाली होते का ते बघत बसायची. शेजारच्या काशीबाई म्हणाल्या, "नवऱ्याची एवढी काळजी बरी नव्हं गो, नजर लागते." हिनं हसून सोडून दिलं, पण आतून ती रडकुंडीला आली होती.

मेडिकलच्या आधी मालू नेहमीसारखी जोह्याहून आली. दरवर्षी यायची. लेकाच्या नोकरीचा प्रश्न, म्हणून मेडिकल होईपर्यंत रोज सकाळी ती त्याच्या हातावर दहीसाखर ठेवायची. सुरभी त्या वेळी पोरीच्या मागे असायची, म्हणून तिनं ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. या खेपेला ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. मालूनं दही ठेवलं, साखर ठेवली, आणि कमरेच्या पिशवीतून एक गोळी काढून त्यावर ठेवली.

"ही कसली गोळी, आई?"

"माजीच, बीपीची," मालू अगदी सरळपणानं म्हणाली. "मेडिकलच्या आधी दोन-तीन दिस घेतली की मशीन गप बसतं. साऱ्या पोरांच्या आया देतात गो. न्हायतर कामावर ठेवतंय कोन?"

म्हणजे सासूला ठाऊक होतं, नवऱ्याला ठाऊक होतं, आणि सुरभी एकटी त्या फिटच्या दाखल्यावर विसंबून इतकी वर्षं झोपत होती. तिला दोघांचाही भयंकर राग आला.

"या गोळीनं बीपी उतरतं हे तुम्हाला कळतं," ती म्हणाली, "मग वर्षाचे बाकीचे दिवस का देत नाही?"

अक्षय चिडला. "काम गेलं तर खायचं काय? आणि रोज गोळी म्हातारी माणसं घेतात."

"व्हय गो," मालूही म्हणाली. "त्याचं वय काय हाय आता?"

सुरभीचा आवाज चढला नाही. तिला नुसतं रडू येत होतं. "मामंजी म्हातारे झाले होते का, आई?"

दही अक्षयच्या बोटांतून खाली ठिबकायला लागलं. मालूनं ती गोळी अलगद उचलली, पदराला पुसली आणि पुन्हा पिशवीत टाकली. मग ती भिंतीला टेकून बसली. तिचा नवरा सखा गेला त्या दिवशी खळ्यावर भगत आला होता, अंगारा लावला होता, नारळ फोडला होता. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"खणातली चिठ्ठी काढ," ती शेवटी लेकाला म्हणाली. "उठ. त्या बाईकडं जाऊ."

अष्टमीला तिघं गेली. तपासण्या झाल्या. साखर काठावर, चरबी वाढलेली, आणि हृदयावर ताण यायला लागलेला. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आलात, आता खारट बंद. अक्षय परतताना पुलावर थांबला, या वेळी फोन न काढता. त्यानं खिशातली तंबाखूची पुडी कुंडलिका नदीत टाकली आणि पुढे चार दिवस सगळ्यांवर खेकसत राहिला.

मेडिकलला त्यानं गोळी चालू असल्याचं सांगून टाकलं. आकडा अजून चढाच होता. कंपनीच्या डॉक्टरनं महिनाभर थांबायला सांगितलं आणि ठेकेदार फक्त "बघू" म्हणाला. बघू म्हणजे काय, हे रोह्यात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. अक्षय घरी बसला. सुरभीची धास्ती गेली नाही, तिची फक्त जागा बदलली. आता ती जिन्यावरच्या पावलांबरोबर ठेकेदाराच्या फोनचीही वाट बघत होती.

मालू जोह्याला परत गेली नाही. पापडाचा डबा तिनं स्वतःच काशीबाईंना देऊन टाकला. मेडिकलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षय उठून बसला तर आई समोर उभी. सवयीनं त्यानं हात पुढे केला. तिनं त्यावर त्याची स्वतःची गोळी ठेवली आणि पाण्याचा तांब्या दिला.

"दही कुठाय?" तो कुरकुरला.

"आता रोजचंच हाय, दही कशाला?" मालू म्हणाली. त्यानं गोळी गिळली तरी तिनं त्याचा हात सोडला नाही. "तुज्या बापाच्या हातावर ठेवायला मला कुनी सांगितलंच नाय रे."